दिसते ते सगळेच शिवायचे नसते

17 मार्च 1970 रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण भागांतल्या 95 गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभारायचे ठरले, आणि मुंबईच्या दाटीतून बाहेर काढायचा लोखंड-पोलादाचा बाजार कळंबोलीच्या भातखाचरांच्या वाट्याला आला. त्यानंतर चौदा महिन्यांनी, मे 1971 मध्ये, ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये नील पेंटर आणि डेनिस बर्किट या दोन शल्यचिकित्सकांचा लेख छापून आला. मोठ्या आतड्याच्या भिंतीतून बाहेरच्या बाजूला ज्या बारीक पिशव्या फुगून येतात, त्यांना डायव्हर्टिक्युला म्हणतात. या पिशव्यांचा आजार म्हणजे पाश्चात्त्य राहणीतल्या एका उणिवेचे, जेवणातून गेलेल्या चोथ्याचे फळ आहे, असे त्यांचे म्हणणे होते. आफ्रिका-आशियातला शेतकरी त्यातून सुटला आहे, पण तो जसजसा गोऱ्यांसारखा जेवू लागेल तसतसा हा आजार त्यालाही गाठेल, असे भाकीत त्यातून निघत होते. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरी शेत जाऊन ट्रक टर्मिनल आलेले, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे टोक अंगावर घेतलेले कळंबोलीसारखे गाव हे त्या भाकिताचे नेमके परीक्षाकेंद्र होते. आज तिथे महात्मा गांधी मिशनचे रुग्णालय आहे, पलीकडे कामोठ्याला त्याच संस्थेचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा गावात साठीतल्या माणसाचे पोट दुखते, सीटी स्कॅनमध्ये पिशव्या दिसतात आणि घरची मंडळी साहजिकच विचारतात की दुर्बिणीने जाऊन त्या तिथल्या तिथे बंद का करत नाहीत? या प्रश्नाचे उत्तर गेल्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात आहे. रक्तस्राव होत असेल आणि त्याची जागा सापडली असेल, तर दुर्बिणीने जरूर इलाज करावा. नुसती पिशवी दिसली आणि पोट दुखले, एवढ्यावर मात्र हात राखावा. हे उत्तर वैद्यकाला सहज सुचलेले नाही; बरीच आतडी कापल्यावर ते हाती आले आहे.

आधी या पिशव्यांची घडण समजून घ्यायला हवी, कारण पुढचे सगळे वाद तिच्यातून निघतात. मोठ्या आतड्याच्या भिंतीतला स्नायूचा थर सलग नसतो. आतल्या अस्तराला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्या त्याला छेदून आत शिरतात आणि त्या ठिकाणी भिंत कमजोर राहते. आतला दाब वाढला की अस्तर नेमके तिथून बाहेर ढकलले जाते. म्हणून पिशवीच्या भिंतीत स्नायू जवळजवळ नसतोच, आणि तिच्या घुमटावरून किंवा मानेजवळून ती धमनी ताणलेल्या अवस्थेत जात असते. फ्रान्समध्ये क्रूव्हेयेने 1849 मध्ये या पिशव्यांचे वर्णन केले आणि जर्मनीत ग्रासरने 1899 मध्ये त्यांचा धमन्यांच्या वाटांशी असलेला संबंध दाखवला. तोवर ही शवविच्छेदनाच्या टेबलावरची नवलाई होती. 1907 मध्ये अमेरिकेत विल्यम मेयोने अशी सुजलेली आतडी कापून काढल्याचा अहवाल दिला आणि ती शल्यचिकित्सकाची मामलत झाली. पुढची साठ-सत्तर वर्षे नियम असा की फुटलेल्या आतड्यासाठी पोट उघडायचे, मलमार्ग पोटावर काढायचा आणि काही महिन्यांच्या अंतराने दोन-तीन शस्त्रक्रिया करून तो पूर्ववत जोडायचा. 1969 मध्ये पार्क्स यांनी 521 रुग्णांचा आढावा घेतला. अशा अभ्यासांच्या आधारावर पिशव्या सुजण्याचे दोन झटके येऊन गेले की तिसऱ्याची वाट न पाहता आतड्याचा तो भाग काढून टाकावा, असा रिवाज पडला. तो मोडायला एकविसावे शतक उजाडावे लागले. दोन झटक्यांनंतरही बहुतेकांचे आतडे फुटत नाही आणि फुटायचे असेल तर बऱ्याचदा पहिल्याच झटक्यात फुटते, हे तोवर उमगले नव्हते.

पेंटर-बर्किट यांचा लेख आला तो या कापाकापीच्या काळात, आणि त्याचे मूळ हिंदुस्थानातही होते. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन यांनी गिलगिट-हुंझा भागात काही वर्षे काढली होती. तिथल्या लोकांत पोटाचे व आतड्याचे विकार आपल्याला जवळपास दिसलेच नाहीत, असे त्यांनी 1921 मध्ये पिट्सबर्गच्या व्याख्यानात सांगितले. पुढे कुन्नूरच्या प्रयोगशाळेत त्यांनी उंदरांच्या गटांना हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या प्रांतांचे जेवण घातले आणि त्यांची वाढ मोजली. शिखांचे जेवण पहिले, पठाणांचे दुसरे, मराठ्यांचे तिसरे आणि मद्राशांचे शेवटचे असा क्रम लागला. उंदरांचे वजन आणि माणसाचे आतडे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण गावच्या साध्या अन्नात आरोग्याचे मर्म असते ही धारणा अशा प्रयोगांतून पक्की होत गेली. ब्रिटिश नौदलातले डॉक्टर क्लीव्ह यांनी 1941 मध्ये युद्धनौकेवरच्या खलाशांची बद्धकोष्ठता गव्हाच्या कोंड्याने हटवली. क्लीव्ह यांचे विचार बर्किट यांनी उचलले. युगांडात शल्यचिकित्सा केलेल्या बर्किट यांनी आफ्रिका-आशियातल्या मिशन रुग्णालयांकडून कोणता आजार किती दिसतो याची माहिती पत्रांनी जमवली. पेंटर यांनी आतड्यातला दाब मोजून चोथा कमी पडला की आतडे जोराने आवळते, असा दुवा पुरवला. तोवर या रोग्यांना चोथाविरहित मऊ अन्न देत असत. पेंटर यांनी 1972 मध्ये 70 रुग्णांना कोंडा खायला घालून बहुतेकांच्या तक्रारी कमी झाल्याचे दाखवले आणि पथ्याची दिशा पालटली. आपल्याकडे इसबगोलाचा भुसा घराघरांत आधीपासून होताच. त्याला आता शास्त्राचे पाठबळ मिळाले.

या सिद्धान्ताने सुरीला पहिला खरा अडसर घातला, हे त्याचे ऋण मान्य करावे लागते. पण तो जसाच्या तसा मान्य करता येत नाही. 1972 च्या प्रयोगात तुलनेसाठी कोंडा न खाणारा गट नव्हता. भारतात हा आजार नाही, हे विधानही अर्धे न पाहण्यातून आले होते. पिशव्या वयाबरोबर वाढतात आणि 1951 च्या सुमारास आपल्याकडे सरासरी आयुर्मान 32 वर्षांच्या आसपास होते. बालमृत्यूंनी तो आकडा खाली ओढला होता हे खरे. तरी साठी ओलांडणारे आजच्या मानाने थोडे होते, आणि त्यांच्यातल्या किती जणांचा बेरियम घालून एक्स-रे निघत होता? दुसरी अडचण शरीराच्या बाजूची आहे. युरोपात पिशव्या डाव्या बाजूला, सिग्मॉइड या आतड्याच्या शेवटाकडच्या भागात जास्त आढळतात. जपानमध्ये आणि पूर्व आशियात त्या उजव्या बाजूला अधिक सापडतात. उजव्या बाजूला मळ पातळच असतो, त्यामुळे चोथ्याअभावी कडक झालेला मळ आणि वाढलेला दाब ही मांडणी तिथे लागू पडत नाही. तिसरी अडचण दुर्बिणीनेच आणली. अमेरिकेत 2,104 जणांच्या कोलोनोस्कोपीवर आधारलेला आणि 2012 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की जास्त चोथा खाणाऱ्यांत पिशव्या कमी तर नव्हत्याच, उलट थोड्या जास्त होत्या. याउलट ब्रिटनमधल्या 47 हजार लोकांच्या अभ्यासात शाकाहारी आणि भरपूर चोथा खाणाऱ्यांना या आजारासाठी रुग्णालयात कमी वेळा जावे लागले. दोन्ही निष्कर्ष खरे मानले तर अर्थ एकच निघतो. पिशवी असणे ही एक गोष्ट आणि पिशवीमुळे आजारी पडणे ही दुसरी. पनवेल-उरणच्या आगरी घरातली तांदळाची भाकरी आणि देशावरची ज्वारीची भाकरी यांच्यातला चोथा सारखा नसतो, तेव्हा आपल्या गावच्या जेवणाला सरसकट कवचकुंडले समजणे हा इतिहासाचा भाबडा वापर झाला.

पिशवी आणि आजार यांतला हा फरक ध्यानात ठेवूनच दुर्बिणीकडे वळायला हवे, कारण दुर्बिणीला दिसते ती पिशवी. दुर्बिणीच्या जन्मकथेत आपल्या देशाचा एक माणूस आहे. लंडनचे डॉक्टर ह्यू गेन्सबरो यांनी 1951 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याकडे जेवणाच्या टेबलावर गाऱ्हाणे केले की पोटात घालायच्या ताठ नळ्या रोग्याला छळतात आणि निम्मे काही दिसतही नाही. हॉपकिन्स यांनी काचेच्या केसासारख्या तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेण्याची कल्पना धरली. तिच्यावर काम करायला इंपीरियल कॉलेजात त्यांना साथ मिळाली ती पंजाबात मोग्याला जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांची. जानेवारी 1954 मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात त्यांचा लेख आला. तो वाचून बेसिल हर्शोविट्झ हे तरुण डॉक्टर अमेरिकेतून लंडनला येऊन त्यांना भेटून गेले. डिसेंबर 1956 मध्ये मिशिगन विद्यापीठात लॅरी कर्टिस या पदवीच्या विद्यार्थ्याने तंतूवर दुसऱ्या जातीच्या काचेचे वेष्टण चढवले आणि प्रकाशाची गळती थांबली. काही आठवड्यांतच हर्शोविट्झ यांनी ती नळी स्वतःच गिळून पाहिली. मोठ्या आतड्याची वाट लांब आणि वळणांची असल्याने तिथे पोचायला आणखी दशक गेले. 1969 मध्ये न्यूयॉर्कच्या बेथ इस्रायल रुग्णालयात विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी दुर्बिणीतून तारेचा फास घालून आतड्यातला मोड, म्हणजे पॉलिप, कापून काढला. तोवर त्यासाठी पोट उघडावे लागत असे. या यशाने वैद्यकाच्या विचाराला एक सवय जडली. जे दिसते ते काढता येते आणि जे काढता येते ते काढावे, अशी ती सवय होती. पॉलिपपुरती ती योग्यच होती, कारण आजचा पॉलिप उद्याचा कर्करोग होऊ शकतो. पिशवीला हाच न्याय लावता येईल का, हा पुढचा प्रश्न होता.

एका बाबतीत तो न्याय लागू पडला. पिशवीवरची ताणलेली धमनी फुटली की गुदद्वारातून एकाएकी भडाभडा लाल रक्त जाते, आणि बहुधा पोट दुखतही नाही. यातले बरेच रक्तस्राव, चारांपैकी सुमारे तीन, आपोआप थांबतात. न थांबणाऱ्यांसाठी पूर्वी आतड्याचा भाग, क्वचित जागा न कळल्याने बहुतेक सगळे मोठे आतडे काढावे लागत असे. लॉस एंजेलिसमध्ये डेनिस जेन्सन आणि सहकाऱ्यांनी अशा रोग्यांना आतडे धुणारे द्रावण लिटरच्या लिटर पाजून काही तासांत दुर्बीण घातली. आधीच्या काळातल्या, पिशवीतूनच रक्त जात असल्याची खात्री पटलेल्या 17 रुग्णांपैकी 9 जणांना पुन्हा रक्तस्राव झाला होता आणि 6 जणांवर शस्त्रक्रिया करावी लागली होती. नंतरच्या काळातल्या 10 रुग्णांवर दुर्बिणीतून इलाज झाला. त्यांच्यातल्या एकालाही पुन्हा रक्तस्राव झाला नाही की शस्त्रक्रिया लागली नाही. हे आकडे जानेवारी 2000 मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या विभागांनी ते डोक्यावर घेतले. हे काम आतून कसे चालते ते पाहण्याजोगे आहे. दुर्बिणीच्या टोकाला पारदर्शक टोपी चढवलेली असते. पाण्याचा झोत मारत एकेका पिशवीच्या तोंडाशी टोपी टेकवायची, हलके ओढून ती उलटी करायची आणि तळाशी चिकटलेली गुठळी किंवा उघडी पडलेली धमनी शोधायची. सापडली की धातूची क्लिप मारायची. नाहीतर पिशवी टोपीत ओढून घेऊन तिच्या मानेवर रबरी कडे सोडायचे. मूळव्याधीला जसे कडे घालतात तसे हे काम चालते. भिंतीत स्नायू नसल्याने चटका देऊन रक्त थांबवताना आतडे भाजून फुटण्याची भीती असते, म्हणून क्लिप आणि कडे मागाहून पुढे आले. जपानमधल्या 49 रुग्णालयांच्या एकत्रित नोंदींत कडे घातलेल्यांना क्लिप मारलेल्यांपेक्षा पुन्हा रक्तस्राव कमी झाला.

तरीही 2000 सालच्या त्या चमत्काराची झळाळी पुढे कमी झाली, आणि ती कशी कमी झाली हे समजणे महत्त्वाचे आहे. जेन्सन यांची तुलना दोन वेगळ्या काळांतल्या रुग्णांमधली होती. मधल्या वर्षांत बाकीची सेवाही सुधारली होती. अमेरिकेत 2010 मध्ये आणि जपानमधल्या 15 रुग्णालयांत 2020 मध्ये चिठ्ठ्या टाकून वाटलेल्या गटांची तुलना झाली, तेव्हा तातडीने दुर्बीण घातलेल्यांना थोड्या उशिराने घातलेल्यांपेक्षा ठळक फायदा दिसला नाही. म्हणूनच जोराचा रक्तस्राव असेल तर आधी शिरेतून औषध सोडून सीटी अँजिओग्राफी करावी, गळती दिसली तर धमनीच्या वाटेने जाऊन ती बंद करावी आणि रुग्ण स्थिर झाल्यावर आतडे नीट धुऊन दुर्बीण घालावी, या क्रमाकडे आता कल आहे. दुर्बिणीचे श्रेय यातून नाहीसे होत नाही. फुटलेली धमनी समोर दिसत असताना तिथे क्लिप मारणे आणि आतडे काढणे यांत निवड करायला कुणाला विचार करावा लागणार नाही. उतरली ती घाईची प्रतिष्ठा.

पोटदुखीच्या बाबतीत परिस्थिती वेगळी आहे. पिशव्या असलेल्या बहुसंख्य लोकांना आयुष्यभर त्यांचा पत्ताही लागत नाही. ज्याचे पोट वारंवार दुखते आणि फुगते, त्याच्या आतड्यात वीस पिशव्या दिसल्या तरी दुखणे त्यातल्या कोणत्या पिशवीचे, की आतड्याच्या अतिसंवेदनशील झालेल्या नसांचे, हे दुर्बीण सांगू शकत नाही. नेम धरायला लक्ष्यच नसेल तर बाण कितीही चांगला असून उपयोग काय? शिवाय वीस ठिकाणी पातळ भिंत ओढून कडी घालायची म्हणजे वीस वेळा फाटण्याची जोखीम घ्यायची. नुसत्या तपासणीच्या कोलोनोस्कोपीत आतडे फुटण्याचा धोका हजारात एखादा किंवा त्याहूनही कमी असतो. दर क्लिपेगणिक आणि कड्यागणिक त्यात भर पडते. मेसालामिन या दाहशामक औषधाचीही हीच गत झाली. मोठी आशा होती, पण 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत झटके परतण्याचे प्रमाण घटले नाही. सुजेचा साधा झटका असेल तर प्रतिजैविकेही दरवेळी लागत नाहीत. स्वीडन आणि आइसलँडमधल्या 623 रुग्णांच्या 2012 च्या चाचणीत औषध दिलेल्या आणि न दिलेल्या गटांत फारसा फरक पडला नाही. गुंतागुंत नसलेल्या, नीट निवडलेल्या रुग्णांबद्दलचा हा निष्कर्ष आहे. ताप चढलेल्या, पू झालेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाला तो लागू नाही. सूज ताजी असताना तर दुर्बीण सहसा घालूच नये, कारण आत भरलेली हवा सुजलेली भिंत फाडू शकते. सहा-आठ आठवडे थांबून ती घालायची, आणि तीही मुख्यतः पिशव्यांच्या आड कर्करोग लपलेला नाही ना हे पाहायला.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. थांबा आणि पाहा हा सल्ला सुखवस्तू देशांना परवडतो. आपल्याकडे माणूस एकदा रुग्णालयातून गेला की परत येईलच याची खात्री नसते, म्हणून हाताशी आहे तोवर इलाज उरकलेला बरा, असे म्हणतात. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी 31 मे 1990 रोजी दुर्बिणीने पित्ताशय काढले. ही भारतातली अशी पहिली शस्त्रक्रिया होती, आणि तेव्हा आक्षेप याच्या उलट दिशेने आला होता: गरीब देशाला ही चैन कशाला? हातावर पोट असलेल्या माणसाला लवकर कामावर परत नेणारे तंत्र त्याच्याच सोयीचे, हे पुढच्या वर्षांनी दाखवून दिले. पण तो दाखला इथे उलट बाजूने उपयोगी पडतो. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत इलाज काय करायचा हे आधीच ठरलेले होते, बदलली ती फक्त वाट. दुखणाऱ्या पिशव्यांच्या बाबतीत वाट तयार आहे आणि इलाजच सिद्ध झालेला नाही. रुग्ण परत येणार नाही म्हणून न सिद्ध झालेले काम उरकून टाकणे, हे त्याच्या गरिबीचे ओझे त्याच्याच आतड्यावर टाकण्यासारखे आहे. उलट हात राखून वागायचे तर जास्त जय्यत तयारी लागते. रक्तपेढीत रक्त हवे, रात्री सीटी चालू हवे, आठवड्याने फोन करून चौकशी करणारा कोणी हवा, आणि झटका चिघळला तर पोट उघडू शकणारा शल्यचिकित्सक हवा. महामार्ग जिथे एकमेकांना छेदतात अशा कळंबोलीत रक्तस्रावाचा रोगी मुंबईला हलवायचा की इथेच सांभाळायचा, हे वाशीची खाडी ओलांडायच्या आधी ठरवता येणे ही त्या तयारीची खरी कसोटी आहे.

या सगळ्या इतिहासाला एक धागा आहे. प्रत्येक पिढीने आपल्या हातातल्या साधनाला आजाराची व्याख्या करू दिली. सुरी होती तेव्हा आजार म्हणजे कापायचे आतडे, बेरियमचा एक्स-रे होता तेव्हा आजार म्हणजे पडद्यावरची सावली, आणि दुर्बीण आली तेव्हा आजार म्हणजे दिसणारी पिशवी. पेंटर आणि बर्किट यांचे मोठेपण त्यांच्या उत्तरात फारसे उरलेले नाही. कोंड्याने पिशव्या टळतात हे सिद्ध झाले नाही. पिशवीच्या पलीकडे जाऊन माणूस काय खातो, कसा राहतो हे त्यांनी विचारले, इथे त्यांचे मोठेपण आहे, आणि तो प्रश्न साधनाच्या मोहात पुन्हा मागे पडू नये. म्हणून घरच्या मंडळींना द्यायचे उत्तर सरळ आहे. रक्त जात असेल तर रुग्णालय गाठा, तिथे दुर्बीण प्राण वाचवू शकते. ताप आणि एका जागी सतत दुखणे असेल तरीही गाठा, पण दुर्बिणीचा आग्रह धरू नका. नुसते अधूनमधून दुखत असेल, तर जेवणात चोथा हळूहळू वाढवा, चाला, तंबाखू सोडा आणि ‘पिशव्या बंद करून टाकू’ असे कोणी म्हणाले तर त्याचा पुरावा मागा. सध्या तो कुणाकडे नाही. उद्या नीट आखलेल्या चाचणीतून आला तर हा निकाल बदलावा लागेल, आणि तेव्हा तो बदलायला अडचण असू नये.